बाहुलीचा रंग
(सालेकसा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आमच्या आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल, आणि ते येणे स्वाभाविकच आहे. वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांची अपेक्षा राज्यकारभार, शेतीचे अर्थशास्त्र, झालेच तर संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांची असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही चाल घातली तेव्हा कोणी बाहुल्यांवर बोलायला उभा राहील असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यातून दिवस हे असे. रानात मोह गळतो आहे, पहाटेपासून टोपल्या घेऊन बाया-माणसे फुले वेचायला जातात, आणि संध्याकाळी दमूनभागून इथे येऊन बसतात. त्यांच्यापुढे बाहुलीची गोष्ट काय सांगायची, असा संकोच आम्हांलाही वाटला. परंतु ज्या प्रश्नाने आम्हांला गेले सहा महिने स्वस्थ झोपू दिले नाही तो प्रश्न बाहुलीनेच आमच्यापुढे टाकला, आणि म्हणून विषय बदलण्याचे धैर्य झाले नाही.

घडले ते असे. आमच्या घरी वऱ्हाडातून आलेली भुलाबाईची चाल आहे. भाद्रपदी पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे, कोजागिरीपर्यंत मुलींनी रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. ही भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या वर्षी आमच्या दोन नातींनी हट्ट धरला की बाजारची मूर्ती नको, आम्हीच करणार. तळ्याकाठची माती आणली, मळली, ओबडधोबड का होईना पण भुलाबाई उभी राहिली. मग रंगांची पेटी निघाली. थोरलीने गुलाबी आणि पांढरा रंग कालवून भुलाबाईच्या तोंडाला लावायला घेतला. धाकटी जरा वेळ पाहत राहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आबा, भुलाबाई माझ्यावानी नाही का होत?"

धाकटीचा रंग आमच्यावर गेला आहे, म्हणजे चांगला पक्का काळासावळा. आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करताच आम्ही उत्तर दिले, "अगं, देवी गोरीच असते."

पोरगी काही बोलली नाही. रडली नाही, रुसली नाही. तिने फक्त पेटीतला तपकिरी रंग झाकण लावून परत ठेवून दिला. त्या झाकणाचा आवाज, मंडळी, आम्हांला अजून ऐकू येतो. चाळीस वर्षे मुलांना शिकवण्यात घालवलेल्या माणसाने आपल्याच नातीला एका वाक्यात काय शिकवले, याचा विचार आम्ही त्या रात्री करू लागलो. आणि त्या विचाराचा माग काढता काढता फार दूरवर, अगदी सातासमुद्रांपलीकडे जाऊन पोहोचलो. त्या प्रवासात जे पाहिले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. बाहुली हे निव्वळ खेळणे नव्हे. चेंडू हे खेळणे आहे, भोवरा हे खेळणे आहे. तो फिरला की काम झाले. बाहुलीला मात्र तोंड असते. मूल तिच्याशी बोलते, तिला जेवू घालते, तिचे लग्न लावते, आणि हे करताना "मोठे होणे म्हणजे काय" याची तालीम करीत असते. आपल्याकडची भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न ही ती तालीमच. लाकडाची ठकी असो, चिंध्यांची बाहुली असो, मुलगी तिच्यात आपली आई पाहते, मग स्वतःला पाहते. तिच्यात स्वतःला पाहण्याची सोयच नसेल तर काय होते, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारण्याचा मान अमेरिकेतील एका निग्रो दांपत्याकडे जातो. निग्रो हा त्या काळचा शब्द. आज ते लोक स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवतात आणि आपणही तसेच म्हणावे. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे दोघेही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या मांडल्या. साचा एक, आकार एक. फक्त दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. मग एकेका मुलाला विचारले, तुला खेळायला कोणती आवडेल? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती? १९४७ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळायला गोरी बाहुली हवी असे दोन-तृतीयांश मुलांनी सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणून दाखवली. आणि "तुझ्यासारखी कोणती" या शेवटच्या प्रश्नाला आल्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीतून पळून गेली. ज्या बाहुलीला आपण आत्ताच वाईट म्हटले तीच आपण आहोत, हे त्यांना आता तोंडाने कबूल करायचे होते.

या प्रयोगावर पुढे पंडितांनी आक्षेप घेतले, आणि त्यांतले काही विचारात घेण्यासारखे आहेत. त्या काळी तपकिरी बाहुली दुकानात क्वचितच दिसे. तेव्हा मुलांनी अनोळखी वस्तू नाकारली की आपला वर्ण नाकारला, हे कसे ठरवायचे? आक्षेप रास्त आहे. परंतु स्वतःच्या रंगाची बाहुली मुलाला अनोळखी वाटावी, हीच मुळी तक्रार नव्हे काय? ते काही असो. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे असा निकाल १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा विचारात घेतलेल्या आधारांत क्लार्क यांच्या कामाचाही उल्लेख होता. एवढ्या मोठ्या न्यायालयात बाहुली साक्षीला उभी राहिली, मंडळी. तेव्हा या व्यासपीठावर तिच्याविषयी बोलताना आम्ही संकोचण्याचे कारण नाही.

त्याच सुमारास फ्लोरिडातील सारा ली क्रीच या एका गोऱ्या बाईंच्या मनात आले की कृष्णवर्णीय मुलींना साजेशी, त्यांची विटंबना न करणारी बाहुली करावी. तोवर ज्या काळ्या बाहुल्या मिळत त्या बहुधा जाड ओठांच्या, बटबटीत डोळ्यांच्या, मोलकरणीच्या वेषातल्या, म्हणजे थट्टेच्याच. बाईंनी खऱ्या मुलांची छायाचित्रे जमवली आणि शीला बर्लिंगेम या शिल्पकर्तीकडून त्यांवरून मस्तके घडवून घेतली. मग अडले ते रंगापाशी. काळा म्हणजे नेमका कोणता? तो ठरवण्यासाठी एलिनॉर रूझवेल्ट यांनी जाणत्या लोकांना चहाला बोलावले, आणि नमुन्यांमधून रंग निवडला गेला. १९५१ साली ती बाहुली बाजारात आली. ती फार वर्षे चालली नाही. परंतु कातडीच्या एका छटेसाठी जाणती माणसे विचार करीत बसली, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. आमच्या घरी तोच निर्णय आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता दिला होता.

आता त्या बाहुलीकडे वळू, जिचे नाव सालेकसाच्या आठवडी बाजारापर्यंत येऊन पोहोचले आहे. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी नावाची साडेअकरा इंचांची बाहुली प्रथम मांडली गेली. करणारी कंपनी मॅटेल, कल्पना रूथ हँडलर या बाईंची, आणि नाव त्यांच्या मुलीचे, बार्बराचे. जर्मनीतील एका वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रातून निघालेली लिली नावाची बाहुली हँडलरबाईंनी पाहिली होती. तिच्यावरून ही सुचली. किंमत तीन डॉलर. घडवली गेली जपानात. पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख नग खपले. तोवर बाहुली म्हणजे तान्हे बाळ आणि मुलगी त्याची आई, असा खेळ होता. बार्बी आली ती तरुण बाई होऊन: उंच टाचा, रंगवलेले ओठ, कपड्यांचे कपाट. मुलीने तिची आई व्हायचे नव्हते. मोठेपणी तिच्यासारखे व्हायचे होते. आणि ती होती गोरी.

कंपनीला काळ्या ग्राहकांची आठवण झाली ती १९६७ साली. बार्बीची फ्रान्सी नावाची एक चुलत बहीण आदल्या वर्षी बाजारात आली होती. तिच्याच साच्यात तपकिरी रंगाचे व्हिनाईल ओतून दुसरी फ्रान्सी काढण्यात आली आणि डब्यावर तिला "रंगीत" असे विशेषण लावण्यात आले. नाक तेच, ओठ तेच, गाल तेच. ती खपली नाही. १९६८ साली क्रिस्टी आली. तिचा चेहरा वेगळा होता, पण नाते मैत्रिणीचे. म्हणजे नायिका गोरी आणि काळी तिची सखी. आपल्या नाटकांतही अशी पात्रयोजना असते, ती आपल्या ओळखीची आहे! खुद्द बार्बी हे नाव धारण करणारी काळी बाहुली यायला १९८० साल उजाडले. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय कलावतीने तिचे रूप आणि वेष ठरवला. एकवीस वर्षे लागली. आपल्याकडे मुलगी एवढ्या वर्षांत जन्मून, शिकून, लग्नाची होते.

याच काळात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या लोकांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. १९६५ साली तिथे मोठी दंगल होऊन वस्ती होरपळली होती. तिथल्याच कार्यकर्त्यांनी १९६८ साली शिंदाना नावाचा बाहुल्यांचा कारखाना काढला. भांडवलाला आणि तंत्राला मॅटेलने हातभार लावला, हेही नोंदवले पाहिजे. त्यांची पहिली बाहुली बेबी नॅन्सी. तिचे नाक, ओठ, केस वस्तीतल्या पोरींसारखे होते. त्यांनी गोऱ्या साच्यात काळा रंग ओतला नाही, साचाच नवा केला. तो कारखाना १९८३ साली बंद पडला. परंतु २०२० साली अमेरिकेतील खेळण्यांच्या राष्ट्रीय दालनात बेबी नॅन्सीला मानाने जागा मिळाली.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला जो एक धडा दिसतो तो सांगतो. रंग बदलणे स्वस्त असते, साचा बदलणे महाग असते. कारखान्यात रंग म्हणजे कालवलेली पूड; ती बदलायला एक दुपार पुरते. साचा मात्र धातूचा. तो नव्याने करायचा तर पैसा लागतो, कसबी माणूस लागतो, आणि मुख्य म्हणजे कोणाचा तरी चेहरा निरखून पाहावा लागतो. म्हणून जग रंग बदलते आणि साचा तोच ठेवते. हे केवळ बाहुल्यांपुरते खरे आहे असे आम्हांला वाटत नाही.

आता एक निराळाच वर्ग पाहा. हा वर्ग लहान मुलांचा नव्हे, मोठ्या माणसांचा. लहानपणीची बाहुली पुन्हा हवी असे वाटणारे हजारो संग्राहक अमेरिकेत आणि युरोपात आहेत. त्यांच्यासाठी कंपन्या जुन्या धाटणीच्या बाहुल्या मुद्दाम काढतात. १९९४ साली बार्बीला पस्तीस वर्षे झाली तेव्हा १९५९ च्या मूळ बाहुलीची हुबेहूब प्रतिकृती काढली गेली: तोच पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा वेष, तीच तिरपी नजर, तोच डबा. संग्राहक अशी बाहुली बहुधा डब्यातून काढीतच नाही. काढली की किंमत उतरते.

इथे एक अवघड पेच पडतो, आणि तो फार विचार करण्यासारखा आहे. १९५९ सालचे सौंदर्य पुन्हा हवे म्हटले, तर त्या सालच्या कपाटात काळी बाहुली नव्हतीच. मग आज जुन्या धाटणीची बाहुली करणाऱ्याने काय करावे? इतिहासाशी इमान राखून सगळ्या गोऱ्याच कराव्यात? की त्या काळच्याच पोशाखात, त्याच केशरचनेत काळी तरुणी उभी करावी, जी त्या काळी दुकानात नव्हती पण रस्त्यावर, शाळेत, कचेरीत निश्चित होती? पहिला पक्ष म्हणतो, जे नव्हते ते दाखवणे खोटे. आम्हांला तसे वाटत नाही. त्या काळी अमेरिकेत नटूनथटून निघणाऱ्या काळ्या तरुणी होत्या. नव्हती ती त्यांची बाहुली. प्रतिकृती करताना आपण कापड, टाके, नखांचा रंग यांबरोबर त्या वेळची उपेक्षाही हुबेहूब उतरवून घेतो, आणि तिला जुन्याची आवड असे गोंडस नाव देतो. जुने जपावे, पण जुन्याने कोणाला दाराबाहेर ठेवले होते हे विसरून जपू नये.

आणि दैवाचा विनोद पाहा. १९६७ साली जी "रंगीत" फ्रान्सी दुकानात पडून राहिली, तिच्यासाठी आज संग्राहक झटतात. थोड्या झाल्या म्हणून दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून मोलाच्या! मुलींच्या हाती द्यायला ज्यांची किंमत वाटली नाही त्या आता काचेआड ठेवायला मोलाच्या झाल्या.

आपण म्हणाल, ही सगळी परक्या मुलखाची कहाणी. आमचा तिच्याशी काय संबंध? तर आता घराकडे येऊ. १९८० साली मॅटेलने जगातील निरनिराळ्या देशांच्या बाहुल्यांची एक मालिका सुरू केली आणि तीत लवकरच भारताची बाहुलीही आली. त्याच मालिकेतील पुढच्या काळातल्या एका भारतीय बाहुलीला सोबत म्हणून माकड दिले होते. भारत म्हटला की साडी आणि माकड! पुढे १९८० नंतरच्या दशकात भारतातही बार्बी तयार होऊन विकली जाऊ लागली. तिला साडी नेसवली, टिकली लावली, दागिने घातले. मुखडा आणि कांती मात्र विलायती राहिली. पाहुणी जशी लग्नापुरती नऊवारी नेसते तशी ती आपल्या घरात वावरली. आणि आमच्या पिढीने कौतुकाने म्हटले, "पाहा, आपल्या साडीत किती शोभून दिसते!" तिने आपल्यासारखे दिसावे ही मागणी कोणी केली नाही. उलट आपल्या मुलींनी तिच्यासारखे दिसावे असेच आपल्या मनात होते.

अलीकडे यात फरक पडला आहे. २०१६ साली बार्बीच्या बांध्याचे तीन नवे प्रकार आणि कातडीच्या सात छटा जाहीर झाल्या. २०२४ च्या दिवाळीला मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी पोशाख केलेली, सावळ्या कांतीची, लांब काळ्या केसांची बार्बी संग्राहकांच्या मालिकेत निघाली. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु ती काचेआड ठेवायची बाहुली. इथल्या बाजारात जी मिळते ती निराळी: गुलाबी प्लॅस्टिकची, पिवळ्या केसांची, आडवी केली की निळे डोळे मिटणारी. पोरीला मिळते ती हीच. तेव्हा फरक पडला तो अद्याप गोंदियाच्या गाडीतून इथे उतरलेला नाही.

बरे, दोष सारा परदेशी कंपनीवर टाकून मोकळे व्हावे, तर तसेही करता येत नाही. बार्बी येण्यापूर्वी आपल्या घरांत गोऱ्या रंगाची पूजा नव्हती काय? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे तो मळवलीला गेला. त्या रंगीत चित्रांनी देव घरोघर पोहोचवले, हे त्यांचे उपकार. परंतु लक्ष्मी-सरस्वतीची गोरी कांतीही त्यांनीच भिंतीवर कायमची करून टाकली. १९७५ साली गोरेपणाची मलई बाजारात आली आणि तिच्या नावातच गोरी म्हणजे सुंदर असे समीकरण होते. ते नाव बदलायला २०२० साल लागले. आणि वरसंशोधनाच्या जाहिराती? "गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष" हे शब्द अमेरिकेतून आले नाहीत. पंढरीचा विठ्ठल काळा, राम सावळा, कृष्णाच्या तर नावातच काळेपण. द्रौपदीलाही कृष्णा म्हणत. आपल्याला सावळा विठ्ठल चालतो, सावळी सून चालत नाही. या विसंगतीचे उत्तर कोणत्याही परदेशी कंपनीकडे मागता येणार नाही.

आम्ही नातीला "देवी गोरीच असते" म्हटले, त्या देवीचीच कथा आता सांगतो. पुराणांत ही कथा निरनिराळ्या प्रकारे येते. तिचा एक पाठ असा आहे. पार्वती मुळात काळी होती. एकदा शंकरांनी थट्टेने तिला "काळी" म्हणून हाक मारली. तो शब्द तिच्या जिव्हारी लागला. ती कैलास सोडून तपाला बसली, तिने ती काळी कांती सापाच्या कातेसारखी टाकली आणि ती गौरी झाली. लहानपणापासून ही कथा आम्ही ऐकत आलो, आणि तिचा अर्थ आम्ही असा घेतला की तप केल्याने माणूस गोरा होतो. कथेचा उत्तरार्ध मात्र विसरलो. ती टाकलेली काळी कांती वाया गेली नाही. तिच्यातून कौशिकी देवी प्रकट झाली, आणि शुंभ-निशुंभांना मारले ते तिने. गोऱ्या गौरीने नव्हे. ज्या रंगाची थट्टा झाली त्यानेच देवांची लाज राखली. आणि थट्टेच्या एका शब्दाने जगन्माता जर घर सोडून जाते, तर आठ वर्षांच्या पोरीने रंगाच्या पेटीचे झाकण लावले यात नवल ते काय?

आता कोणी विचारील, मग उपाय काय? सरकारने एक शुद्ध भारतीय चेहऱ्याची बाहुली प्रमाण म्हणून ठरवून द्यावी काय? आमचे उत्तर, मुळीच नाही. ॲन डुसिल या विदुषीने १९९४ सालीच दाखवून दिले की "खरा काळा चेहरा" ठरवायला गेलो की त्याचाही एक ठोकळा होतो. आपण आपल्या स्टेशनवर सकाळच्या गाडीला उभे राहा. गोंड आहेत, हलबा आहेत, पोवार आहेत, कुणबी आहेत, बौद्ध आहेत. डोंगरगडच्या बाजूने आलेले छत्तीसगडी आहेत. कोणाची बोली गोंडी, कोणाची पोवारी, कोणाची झाडी. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला तर किती राज्यांतून गोंड बांधव येतात! या सगळ्यांत प्रमाण चेहरा कोणता निवडणार? निवडला की उरलेले दाराबाहेर. दिल्लीला शंकर यांचे बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ पासून आहे. तिथे प्रांतोप्रांतीच्या वधूवरांच्या बाहुल्या मांडल्या आहेत. त्या पाहिल्या की देशाचा चेहरा एक नाही, हे पाठ न करता कळते. तेव्हा उपाय एका योग्य बाहुलीत नाही. पुष्कळ बाहुल्यांत आहे.

आणि पुष्कळ बाहुल्या करायला कारखाना लागत नाही. शिंप्याच्या दुकानात चिंध्या पडून असतात. कोऱ्या मांजरपाटाला खैराच्या काताचे पाणी दिले की तो तपकिरी होतो. कमी-अधिक दिले की छटा बदलते. आपल्या जिल्ह्याला आणि भंडाऱ्याला कोशाचे कापड नवे नाही. त्याचा मूळचा रंगच मुळी माणसाच्या कांतीचा आहे. गेरू आहे, काजळ आहे, लोकर आहे. अंगणवाडीच्या ताई, बचतगटाच्या बाया आणि शाळेतल्या मुली मिळून एका सुट्टीत पन्नास बाहुल्या सहज शिवतील. केंद्र सरकारने २०२३ साली लहान मुलांच्या शिक्षणासाठी "जादुई पिटारा" काढला, त्यातही बाहुल्यांना जागा आहे. म्हणजे ही कल्पना शिक्षणखात्याला परकी वाटण्याचे कारण नाही. एक अट मात्र आम्ही घालू. शिवणाऱ्या बाईने समोर कोणाला तरी बसवावे आणि तिच्याकडे पाहून चेहरा काढावा. शेजारच्या गोंड घरातली पोर असो, स्वतःची मुलगी असो, डोळे भरून पाहून नाक काढावे, पाहून केस लावावेत. साचा महाग असतो म्हणालो तो याच अर्थाने. त्याला पैशाहून अधिक लक्ष लागते.

एक शंका उरते. बाहुली बदलली म्हणून वधूपरीक्षा बदलेल काय? नोकरीत, शाळेत, बसमध्ये रंगावरून आणि जातीवरून होणारा अपमान थांबेल काय? थांबणार नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. क्लार्क दांपत्यानेही बाहुल्या मांडल्या त्या शाळांची दारे उघडावीत म्हणून. बाहुल्यांवर समाधान मानावे म्हणून नव्हे. चिंध्यांची बाहुली न्याय देऊ शकत नाही. परंतु न्याय मागायला जी उभी राहायची ती मुलगी स्वतःला कुरूप समजून खाली मान घालून वाढली, तर मागणार कोण? आमचा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

आता कोजागिरीला काय झाले ते सांगून संपवतो. आम्ही नातीला जवळ बोलावून सांगितले की त्या दिवशी आम्ही बोललो ते चूक होते. देवी काळीही असते. एवढे बोलायला, मंडळी, आम्हांला महिना लागला. म्हातारपणी चूक कबूल करणे जड जाते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण आता भुलाबाई रंगवून झाली ना, आबा." खरेच होते. गुलाबी रंग वाळला होता. विसर्जनापर्यंत ती भुलाबाई गुलाबीच राहिली. आमच्या पश्चात्तापाने तिचा रंग बदलला नाही, आणि पोरीच्या मनातला किती बदलला हे आम्हांला अद्याप समजलेले नाही.

पुढचा भाद्रपद यायला अजून अवकाश आहे. या वेळी माती आणायला तिच्याबरोबर तळ्यावर आम्ही स्वतः जाणार आहोत. पेटीतले सगळे रंग उघडे करून तिच्यापुढे ठेवणार आहोत आणि गप्प बसणार आहोत. ती गुलाबी घेईल किंवा तपकिरी घेईल, निवड तिची. आपणांकडेही आमचे मागणे एवढेच आहे की आपल्या घरी कोणी पोर असा प्रश्न घेऊन आली, तर वर्तमानपत्र खाली ठेवा आणि तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर द्या.